सीडरबर्गची नादुरुस्त इंजिने

1939 सालच्या जानेवारी महिन्यात अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील सीडरबर्ग या गावी एका डबघाईला आलेल्या कारखान्याचा ताबा कार्ल किकहेफर या शेतकरी कुटुंबातून आलेल्या तरुण अभियंत्याने घेतला, तेव्हा होडीच्या इंजिनांचा धंदा करावा असे त्याच्या मनात मुळीच नव्हते. दुग्धशाळांना लागणारी चुंबकीय विभाजक यंत्रे तयार करावीत आणि त्यावर आपले बस्तान बसवावे, असा त्याचा बेत होता. परंतु इमारत आणि अवजारे यांबरोबर जी मालमत्ता त्याच्या पदरात पडली, तीत सुमारे 300 आउटबोर्ड इंजिने होती आणि ती नादुरुस्त होती. टपालाने माल विकणाऱ्या मॉन्टगोमरी वॉर्ड या मातबर पेढीने ती नामंजूर केली होती. नव्या धंद्याला रोख रक्कम हवी होती, आणि ती उभी करण्याची एकच तजवीज समोर दिसत होती: ही इंजिने चालती करून त्याच पेढीला पुन्हा विकणे.

येथे जो प्रश्न उभा राहिला, तो यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येकापुढे केव्हा ना केव्हा उभा राहतोच. जे यंत्र वापराने झिजले, त्याचा झिजलेला भाग बदलून ते पूर्ववत् करणे हे कारागिराचे सरळ कर्तव्य होय. परंतु जे यंत्र नवे कोरे असूनही चालत नाही, ते पूर्ववत् करणे म्हणजे त्यातील मूळ दोषाचीच पुनःस्थापना करणे नव्हे काय? किकहेफर आणि त्याचे सहकारी यांनी इंजिने उघडली, रचनेतील उणिवा हेरल्या आणि त्यांत सुधारणा करून ती बांधली. ज्या पेढीने माल नाकारला होता तिनेच तो घेतला, तो झपाट्याने खपला, आणि तिने आणखी मागणी केली. नंतर 1940 साली ‘मर्क्युरी’ या नावाची इंजिने बाजारात आली.

आउटबोर्ड इंजिन, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचे आणि काम संपताच काढून घरी न्यायचे इंजिन, त्या वेळी काही नवलाईची वस्तू राहिले नव्हते. पॅरिस येथे गुस्ताव्ह त्रूव्हे याने 1881 साली सेन नदीवर विजेच्या बळावर तसा प्रयोग केला होता. पण त्याला व्यापारी रूप आले ते मूळचा नॉर्वेचा आणि मिलवॉकी येथे स्थायिक झालेला ओले एव्हिनरूड याच्या 1909 सालच्या इंजिनामुळे. ते दीड अश्वशक्तीचे होते आणि त्याचे वजन 62 पौंड होते. पत्नी बेस हिने हिशेब आणि जाहिराती सांभाळल्या. पुढे तिच्या प्रकृतीमुळे त्याने धंद्यातील आपला हिस्सा विकला आणि पाच वर्षे या व्यवसायात न उतरण्याचा करार केला. ती मुदत सरल्यावर त्याने ॲल्युमिनियमचा भरपूर उपयोग करून दोन सिलिंडरांचे हलके आणि अधिक शक्तीचे इंजिन सिद्ध केले आणि ते प्रथम आपल्याच जुन्या कंपनीपुढे ठेवले. तिने ते नाकारले. मग 1921 च्या सुमारास ‘एल्टो’ या नावाने ते त्याच कंपनीच्या इंजिनांचे प्रतिस्पर्धी म्हणून बाजारात आले. चालत्या मालात फेरफार करण्याची धास्ती किती महाग पडते, याचा याहून बोलका पुरावा या धंद्याच्या दप्तरात मला आढळत नाही.

तथापि एवढ्यावरून प्रत्येक फेरफार स्तुत्य ठरवणे हा घोर अविचार होईल. जुन्या आउटबोर्डच्या पंख्याला एक लहानशी पिन असते. होडी उथळ पाण्यात शिरली आणि पंखा खडकावर आदळला की ती तुटते, इंजिन नुसतेच भणाणते आणि होडी जागीच थांबते. भर ओहोटीत असे दोनदा झाले की वैतागलेल्या तांडेलाला वाटते, या कच्च्या पिनेऐवजी पोलादाचा टणक तुकडा ठोकून कायमचा निकाल लावावा. परंतु ती पिन मऊ धातूची केलेली असते ती हेतुपुरस्सर: आघात तिने सोसावा आणि खालच्या पेटीतील दातेरी चक्रे वाचावीत, अशी निर्मात्याची योजना असते. टणक तुकडा बसवला की पिन शाबूत राहते आणि चक्रांचे दात जातात. दुबळेपणा हा कोठे दोष असतो आणि कोठे योजना असते, हे ओळखल्यावाचून हातोडी उचलू नये.

आपल्या देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर हा विवेक इंधनाच्या निमित्ताने कसाला लागला. 1980 च्या दशकात केरळात लहान होड्यांवर आउटबोर्ड इंजिने मोठ्या संख्येने आली आणि कोकणातही रुळली. पेट्रोल परवडेना म्हणून घासलेटचा आश्रय झाला. अशा इंजिनाला सुरुवातीस पेट्रोल द्यावे लागते, ते तापले की कॉक फिरवून घासलेट सोडायचे, आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर आणायचे, म्हणजे दुसऱ्या दिवशी पहाटे दोरी ओढताच ते सुरू होते. जे इंजिन केवळ पेट्रोलसाठी घडवलेले असेल, त्यात अधिक दाबाखाली घासलेट अवेळी पेटून ठोके देऊ लागते. म्हणून दाब कमी करावा लागतो. आणि दाब कमी केला की शक्तीही घटते, प्लगवर काजळी धरते. यात फायदा किती आणि तोटा किती, हे होडीचे वजन, जाळ्याचा भार आणि बंदरापासूनचे अंतर पाहूनच ठरते. सरसकट उत्तर देणाऱ्या मिस्त्रीवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

माझ्या मते, जो भाग नवा बसवूनही पुनःपुन्हा त्याच कारणाने निकामी होतो आणि ज्याच्या मोडण्याने दुसऱ्या कशाचेही रक्षण होत नाही, त्याच्यात अवश्य सुधारणा करावी. बाकीचा जसाच्या तसा बदलावा.

किकहेफरची कंपनी 1961 साली ब्रन्सविक या मोठ्या उद्योगात विलीन झाली आणि भरभराटीमुळेच सीडरबर्गची कथा लिखित स्वरूपात टिकली. कोकणातल्या मिस्त्र्यांनी खाऱ्या पाण्याशी झगडत जे फेरफार केले, त्यांना अशी कंपनी लाभली नाही. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे; तेथील विद्यार्थ्यांनी मालवण, देवगड, हर्णै येथील जुन्या मिस्त्र्यांजवळ बसावे, कोणता भाग का बदलला आणि कोणता मुद्दाम बदलला नाही हे त्यांच्याच तोंडून उतरवून घ्यावे, आणि हे काम ती माणसे हयात आहेत तोवरच हाती घ्यावे.