जुन्या मोटारीचे ॲव्हरेज

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने पेट्रोलवर नियंत्रण आणले, कुपनावाचून पंपावर ते मिळेनासे झाले आणि सर्व्हिस मोटारींच्या पाठीमागे कोळशाच्या भट्ट्या दिसू लागल्या, तेव्हापासून मोटारीच्या इंधनाची काटकसर हा आपल्याकडे केवळ मालकाच्या स्वभावाचा प्रश्न न राहता एका स्वतंत्र धंद्याचा विषय झाला, असे म्हणण्यास हरकत नाही. लाकडी कोळसा अपुऱ्या हवेत जाळावयाचा, त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड आणि थोडा हायड्रोजन गाळून, थंड करून इंजिनात सोडावयाचा, अशी ती योजना होती. तिने गाडी चालत असे. पण इंजिनाची शक्ती इतकी घटे की मोठा चढ लागला म्हणजे उतारूंना खाली उतरून हातभार लावावा लागे, आणि गाळणीतून निसटलेली राख सिलिंडर व रिंगा अकाली झिजवून टाकी. युद्धानंतर भट्ट्या भंगारात गेल्या, तरी झिजलेले इंजिन पुन्हा बांधण्याचे काम मात्र संपले नाही.

ते संपू नये, अशीच जणू पुढील काळाची तजवीज होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिचा कारखाना कुर्ल्यास उभा राहिला. केवळ बाहेरून आलेले भाग जोडून मोटारी विकणाऱ्यांना स्वतंत्र भारताच्या औद्योगिक धोरणात जागा उरली नाही, तेव्हा १९२८ पासून मुंबईत मोटारी जोडणाऱ्या जनरल मोटर्सनेही १९५४ साली येथला कारभार आवरला. त्यानंतर मध्यमवर्गीयाला आणि टॅक्सीवाल्याला कुर्ल्याची फियाट किंवा कलकत्त्याकडची अँबॅसडर यांपलीकडे फारशी निवड नव्हती, आणि तीही अर्ज करून, अनामत भरून, वर्षानुवर्षे नंबराची वाट पाहून. जी वस्तू मिळविण्यास इतके सायास पडतात ती सहजासहजी कोणी मोडीत काढीत नाही. म्हणून १०८९ घनसेंटिमीटरचे ते चार सिलिंडरांचे फियाट इंजिन, गाडीचे नाव पुढे ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ झाले तरी, एकाच चेसिसवर पुनःपुन्हा उतरवले आणि चढवले जात राहिले.

१९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेलाची नाकेबंदी केली आणि पिंपाला सुमारे ३ डॉलर असलेला खनिज तेलाचा दर पुढील वर्षाच्या आरंभी १२ डॉलरच्या घरात गेला. पेट्रोलच्या दरवाढीच्या निषेधार्थ अटलबिहारी वाजपेयी त्या नोव्हेंबरात बैलगाडीतून संसदेवर गेले, हे अनेकांच्या स्मरणात आहे. परंतु त्या दरवाढीचा खरा तगादा लागला तो टॅक्सीचालकांच्या मागे. मालकाकडून रोजाच्या ठरावीक रकमेवर गाडी घेणारा आणि पेट्रोल पदरचे भरणारा चालक लिटरमागे किती किलोमीटर पडतात याबाबत जितका जागरूक होता, तितका कोणताही खाजगी मालक नसेल. १९७८ साली केंद्र सरकारच्या आश्रयाखाली पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघ स्थापन झाला आणि बेताचा वेग, टायरमधील योग्य हवा, वेळच्या वेळी ट्यूनिंग असा उपदेश फलकांवर झळकू लागला. उपदेश निर्दोष होता. पण त्यातील बहुतेक गोष्टी गॅरेजातील मिस्त्रीच्या नित्याच्या व्यवहारात पूर्वीच रुजलेल्या होत्या.

हा मिस्त्री लाखाहून अधिक किलोमीटर धावलेल्या गाडीची परीक्षा प्रथम धुरावरून करी. निळसर धूर म्हणजे रिंगांवाटे ऑइल वर चढते आहे, काळा धूर म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा अधिक येते आहे. मग प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग पाहावयाचा: बदामी असला तर मिश्रण ठीक, काजळी असली तर जास्त, पांढुरका पडला असला तर कमी. हेड उतरवून, वॉल्व पेस्टने घासून, तो आपल्या बैठकीवर नीट बसतो की नाही हे वर रॉकेल ओतून आणि ते झिरपते का हे पाहून तो ठरवी. सिलिंडर अंडाकृती झिजला असला म्हणजे रीबोअर करून एक पायरी मोठे पिस्टन घालावयाचे, आणि या पायऱ्या संपल्या की आत स्लीव्ह ठोकून सिलिंडर पुन्हा मूळ ६८ मिलिमीटरवर आणावयाचा. पॉइंटांतील फट, टायमिंग, वर्षानुवर्षे पेट्रोल वाहून भोक रुंदावलेला कार्ब्युरेटरचा जेट, यांचा क्रम त्यानंतर. इतके करूनही चाक जॅकवर उचलून हाताने फिरवल्यावाचून चांगला मिस्त्री गाडी हवाली करीत नसे. कारण चिकटलेला ब्रेक इंजिनाची सारी कमाई खाऊन टाकतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. सुटे भाग पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या भंगारबाजारात किंवा चोरबाजारात मिळत, आणि त्यांपैकी कोणता टिकेल हे ओळखणे ही स्वतंत्र विद्या होती.

या साऱ्या खटाटोपात नवे असे काहीच गाडीला दिले जात नव्हते. कारखान्याने जे दिले होते आणि रस्त्याने जे हिरावून घेतले होते, तेवढेच परत मिळवले जात होते. गिऱ्हाइकाची श्रद्धा मात्र बहुधा भर घालण्यावर. पेट्रोलच्या नळीवर चुंबक बसवणारे होते, टाकीत डांबरगोळ्या टाकणारे होते, आणि रेशनचे रॉकेल मिसळणारे तर पुष्कळच होते. त्या रॉकेलाने इंजिन ठोके देऊ लागे आणि वाचलेल्या पैशाच्या कित्येक पटीने पुढे खर्च निघे. मिस्त्री तरी सर्वस्वी निर्दोष होता असे नाही. गाडी तापते अशी तक्रार आली की थर्मोस्टॅट काढून फेकण्याची चाल त्यानेच रूढ केली, आणि इंजिन नेहमी थंडगार राहून पेट्रोल अधिक पिऊ लागले तरी दोष कार्ब्युरेटरवर जाई. लहान जेट घालून ॲव्हरेज वाढवण्याचा त्याचा दुसरा प्रयोगही असाच अंगलट येई. मिश्रण पातळ झाले की वॉल्व जळत. बोरघाट उतरताना इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडणाऱ्या चालकांविषयी तर काय बोलावे! घाटोघाटच्या पाट्यांवरील ताकीद त्यांच्याचसाठी होती.

डिझेलवरील कर कमी असल्यामुळे पुढे १,३६६ घनसेंटिमीटरच्या डिझेल इंजिनाची पद्मिनीही आली, आणि धूर इतका वाढला की मुंबई शहराच्या हवेचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या दफ्तरी दाखल झाला. १९९५ साली महानगर गॅस कंपनी स्थापन झाली होतीच. न्यायालयाच्या हुकमांनी विसाव्या शतकाच्या अखेरीपासून जुन्या टॅक्सींना सीएनजीकडे वळणे भाग पडले. डिकी सिलिंडरने व्यापली, उतारूंचे सामान टपावरील कॅरिअरवर चढले आणि चालकाचा रोजचा इंधनखर्च लक्षात येण्याजोगा उतरला. येथेही काम मिस्त्रीकडेच आले. कारण वायूवर चालण्यास ठिणगी जोरदार आणि कॉम्प्रेशन शाबूत लागते, आणि रिंगा झिजलेल्या इंजिनावर सीएनजीचे किट चढवले तर ते सकाळी सुरूच होत नसे. म्हणजे आधी इंजिन बांधावयाचे, मग किट लावावयाचे.

२०१३ साली राज्य सरकारने मुंबईतील टॅक्सीचे आयुष्य २० वर्षांवर आणले. ही गणना नोंदणीच्या तारखेपासून होते. इंजिन कितीदा आणि किती नेटके बांधले याची दखल घेण्याची सोय त्या नियमात नाही. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी त्यानुसार २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. ज्या गॅरेजांनी तिच्यावर पोट भरले त्यांपैकी काही बंद पडली, काही नव्या गाड्यांकडे वळली. या गाड्यांत मिश्रणाचे प्रमाण सेन्सर आणि संगणक ठरवतात, त्यामुळे फिरवण्यास स्क्रू नाही की बदलण्यास जेट नाही. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहण्याचे काम तेवढे अजून तसेच चालू आहे.