उंच माझा झोका

रमाबाई रानडे (१८६२–१९२४) यांच्या जीवनावरील मराठी चरित्रपर दूरचित्रवाणी मालिका. प्रसारण झी मराठी वाहिनीवर, २०१२–१३. दिग्दर्शन विरेन प्रधान. बालपणीची रमा तेजश्री वालावलकर, तरुणपणीच्या रमाबाई स्पृहा जोशी, तर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची भूमिका विक्रम गायकवाड यांनी केली.

देवराष्ट्रे येथील कुर्लेकरांची यमुना, म्हणजेच लग्नानंतरची रमा, १८७३ मध्ये अकराव्या वर्षी विवाह होऊन रानड्यांच्या घरी आली. पतीने तिच्या हाती पाटी-पेन्सिल दिली; घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना मात्र सुनेचे शिकणे रुचले नाही. माजघरातला हा रोजचा विरोध सोसत झालेली तिची जडणघडण मालिकेच्या केंद्रस्थानी आहे. पुढे रमाबाईंनी पुण्याच्या सेवासदनातून असंख्य स्त्रियांना शिक्षण व स्वावलंबनाची वाट दाखविली. एकोणिसाव्या शतकातील स्त्रीशिक्षणाचा हा लढा मालिकेने घराघरांत पोहोचविला.