गिटमध्ये फाइल कशी जोडावी : कमांड लाइनची प्राथमिक माहिती

मंडळाच्या संकेतस्थळासाठी मजकूर तयार करणाऱ्या आणि घरचे जुने लेख टंकून जपणाऱ्या सभासदांच्या उपयोगासाठी ही माहिती दिली आहे. आज्ञा येथे देवनागरीत लिहिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकाव्यात.

गिट म्हणजे काय?

गिट ही फायलींच्या आवृत्त्यांची नोंद ठेवणारी मोफत प्रणाली आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी ती तयार केली. ज्या फोल्डरची नोंद गिट ठेवते, त्याला रिपॉझिटरी म्हणतात.

फोल्डरमध्ये फाइल ठेवली म्हणजे ती गिटमध्ये गेली, असे नाही. बँकेत व्हाउचर लिहिल्याबरोबर खात्यात नोंद होत नाही, तसेच हे आहे. 'ॲड' म्हणजे व्हाउचर तपासणीच्या ट्रेमध्ये ठेवणे. या टप्प्याला स्टेजिंग म्हणतात. 'कमिट' म्हणजे खातेवहीत नोंद करणे. 'पुश' म्हणजे ती नोंद दूरच्या सर्व्हरवर पाठवणे.

कृती

१. टर्मिनल उघडून 'सीडी' या आज्ञेने रिपॉझिटरीच्या फोल्डरमध्ये जावे.
२. 'गिट स्टेटस' द्यावे. गिटला अद्याप माहीत नसलेल्या फायली 'अनट्रॅक्ड' या शीर्षकाखाली दिसतात.
३. 'गिट ॲड' आणि पुढे फाइलचे नाव द्यावे. नावात मोकळी जागा असल्यास ते अवतरणचिन्हांत लिहावे.
४. पुन्हा 'गिट स्टेटस' देऊन यादी तपासावी. ही पायरी गाळू नये.
५. 'गिट कमिट', जोडचिन्हासह 'एम' आणि अवतरणचिन्हांत तपशील द्यावा. 'बदल केला' एवढे पुरेसे नाही. 'स्मरणिकेचे मुखपृष्ठ जोडले' असा तपशील पाच वर्षांनीही समजतो.
६. शेवटी 'गिट पुश' द्यावे.

सरसकट जोडताना सावधगिरी

'गिट ॲड' पुढे नुसते टिंब दिले, तर चालू फोल्डर आणि त्याच्या आतील सर्व फोल्डरमधले बदल एकदम जोडले जातात. सोय मोठी आहे, पण त्याच फोल्डरमध्ये सभासदांच्या फोन क्रमांकांची यादी किंवा पासवर्डची फाइल असेल, तर तीही जाते. नंतर फाइल पुसली तरी जुन्या आवृत्त्यांत ती राहतेच. खातेवहीत चुकीची नोंद खोडत नाहीत, उलट नोंद करतात, आणि मूळ नोंद कायम दिसते. येथेही तसेच होते. रिपॉझिटरी सार्वजनिक असल्यास ती यादी कोणालाही वाचता येते. लोकांनी मंडळावर विश्वास ठेवून दिलेली माहिती आहे, म्हणून एकेक फाइल नावाने जोडणे बरे.

चुकून जोडलेली फाइल कमिटपूर्वी काढायची असेल, तर 'गिट रिस्टोअर', दोन जोडचिन्हांसह 'स्टेज्ड' आणि फाइलचे नाव द्यावे. मूळ फाइल जागेवरच राहते. ज्या फायली कधीच जोडायच्या नाहीत, त्यांची नावे 'टिंब गिटइग्नोअर' या फाइलमध्ये लिहावीत. मात्र आधीच कमिट झालेल्या फाइलवर तिचा परिणाम होत नाही. पासवर्ड बाहेर गेलाच, तर तो आधी बदलावा.

नेहमीच्या अडचणी

• ॲड केल्यावर फाइलमध्ये दुरुस्ती केली, तर पुन्हा ॲड करावे लागते. नाहीतर आधीचीच प्रत कमिट होते.
• रिकाम्या फोल्डरची नोंद गिट ठेवत नाही.
• देवनागरी नावाच्या फायली स्टेटसमध्ये तिरप्या रेघा आणि आकड्यांच्या रूपात दिसतात. फाइल बिघडलेली नसते. 'गिट कॉन्फिग कोअर टिंब कोटपाथ फॉल्स' ही आज्ञा दिल्यास नावे मराठीत दिसू लागतात.
• गिटहबवर १०० एमबीहून मोठी फाइल स्वीकारली जात नाही. कार्यक्रमांची चित्रफीत अन्यत्र ठेवून तिचा दुवा द्यावा.