जुनी मोटार देऊन नवी घेताना : हिशेब फरकाच्या रकमेचा

नवी दिल्ली : जुनी मोटार वितरकाला देऊन नवी घेण्याचा व्यवहार, ज्याला बाजारात ‘एक्स्चेंज’ म्हणतात, वरकरणी एकच सौदा भासतो. प्रत्यक्षात त्यात चार सौदे गुंफलेले असतात. जुन्या गाडीची किंमत, नव्या गाडीवरील सवलत, कर्ज आणि विमा हे ते चार. एका ठिकाणी सढळ हाताने दिलेले दुसऱ्या ठिकाणी वसूल करण्याची सोय विक्रेत्याला या गुंफणीतूनच मिळते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नव्या गाडीची किंमत ९ लाख ५० हजार रुपये आहे. पहिला वितरक जुन्या गाडीचे ३ लाख ६० हजार देऊ करतो, पण नव्या गाडीवर केवळ १५ हजारांची सूट देतो. दुसरा जुन्या गाडीचे ३ लाख २० हजारच देतो, मात्र सूट ७० हजारांची देतो. जुन्या गाडीला ४० हजार अधिक मिळाल्याच्या आनंदात ग्राहक बहुधा पहिल्याकडे वळतो. पहिल्याकडे खिशातून ५ लाख ७५ हजार जातात, दुसऱ्याकडे ५ लाख ६० हजार. लक्ष ठेवायचे ते या वरच्या रकमेवर. त्यासाठी नव्या गाडीचा भाव आधी, जुन्या गाडीचा विषय न काढता, लेखी घ्यावा. जुन्या गाडीचे बोलणे नंतर. ‘एक्स्चेंज बोनस’ नावाची रक्कम जुन्या गाडीच्या किमतीत मिसळून सांगण्याची पद्धत आहे. ती वेगळी मांडून मागावी.

येथे एक गैरसमजही दूर करायला हवा. जुनी गाडी दिल्याने नव्या गाडीवरील वस्तू व सेवा कर कमी होत नाही; तो फरकाच्या रकमेवर नव्हे, नव्या गाडीच्या पूर्ण किमतीवर आकारला जातो. म्हणजे एक्स्चेंजमध्ये करबचत नाही. मिळते ती सोय, आणि सोयीची किंमत असते. वितरक गाडी घेऊन तिची डागडुजी करतो, ती विकली जाईपर्यंत भांडवल अडकवतो आणि आपल्या नफ्यावर कर भरतो. जानेवारी २०२५ पासून नोंदणीकृत व्यापाऱ्याला वापरलेल्या गाडीच्या खरेदी-विक्रीतील फरकावर १८ टक्के कर लागू आहे. खासगी व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला गाडी विकली तर हा कर लागत नाही. थेट विक्रीत अधिक पैसे मिळण्याची शक्यता असते ती यामुळे; मात्र गिऱ्हाईक शोधणे, त्याची पारख करणे आणि कागदपत्रे तडीस नेणे हे सारे मालकाच्या अंगावर पडते.

जुन्या गाडीचे मोल ठरवताना अनेक जण विमापत्रातील घोषित मूल्याकडे बोट दाखवतात. ते मूल्य ठरावीक घसाऱ्याने काढलेले असते. तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. बाजारभावाशी त्याचा संबंध दूरचाच. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरील कर १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. नवी स्वस्त झाली की जुनीही उतरते. त्याआधीचे भाव मनात धरून घासाघीस करण्यात अर्थ नाही. त्याच आठवड्यातील दोन-तीन ठिकाणचे प्रस्ताव हाताशी असणे अधिक उपयोगी.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे आणखी एक अडचण असते. एमएच क्रमांकाची गाडी बंगळुरू, हैदराबाद किंवा इंदूरला विकायची तर मूळ परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. नव्या राज्यात पुन्हा नोंदणी व मोटार वाहन कर आणि जुन्या राज्याकडून उरलेल्या कराचा परतावा असा द्राविडी प्राणायाम करावा लागतो. स्थानिक वितरक हा सारा खर्च जुन्या गाडीच्या किमतीतून आधीच वजा करतो. शक्य असल्यास अशी गाडी तिच्या नोंदणीच्या राज्यातच विकलेली बरी. दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढील डिझेल व पंधरा वर्षांपुढील पेट्रोल गाड्यांवरील निर्बंधांबाबतचे आदेश वेळोवेळी बदलत आले आहेत. तेथील खरेदीदार त्या अनिश्चिततेचीही किंमत कापून घेतो.

किमतीच्या या चढाओढीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट मागे पडते, ती म्हणजे मालकी हस्तांतर. गाडी दिली, पैसे वळते झाले, किल्ली सोपवली, तरी परिवहन कार्यालयाच्या नोंदीत नाव जुन्याच मालकाचे राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात यावर स्पष्ट निर्णय दिला. गाडी विकली गेली होती, पुढे ती हातोहात फिरली, अपघात झाला. तरीही नोंदणी ज्याच्या नावे आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच, असे न्यायालयाने ठरवले. विक्रीचा करारनामा किंवा शंभर रुपयांच्या मुद्रांकावरचे लिखाण अपघातग्रस्ताच्या दाव्यापुढे ढाल ठरत नाही.

मोटार वाहन कायद्यानुसार विक्रेत्याने राज्यांतर्गत विक्रीची सूचना १४ दिवसांत द्यायची असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतरासाठी अर्ज करायचा असतो. नमुना २९ व ३० ही त्याची कागदपत्रे. कर्ज फिटले असेल तर बँकेचा बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५ लागतो. या कोऱ्या नमुन्यांवर सह्या घेऊन गाडी महिनोन्‌महिने विकाऊ म्हणून उभी ठेवण्याची प्रथा व्यापारात रुळली होती. तिला आळा घालणारे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यानुसार अधिकृत वितरकाने गाडी ताब्यात घेताच नमुना २९-सी द्वारे ऑनलाइन सूचना द्यायची असते आणि त्यानंतर गाडीचा मानीव मालक तोच ठरतो. म्हणून किल्ली देण्यापूर्वी वितरकाकडे प्राधिकारपत्र आहे का, हे विचारावे आणि या सूचनेची पोच मागावी. ती देण्यास टाळाटाळ होत असेल, तर दहा हजार रुपये कमी देणारा दुसरा वितरक पत्करावा. तारीख आणि वेळ नमूद केलेली ताबा-पावती घ्यावी, थकीत ई-चलने भरून टाकावीत आणि फास्टॅग बंद करावा. अन्यथा पुढच्या नाक्यावरचा पथकर जुन्या मालकाच्या खात्यातून जातो.

विम्यात एक ठेव अनेकांच्या लक्षातच राहत नाही. दावा न केल्याबद्दल मिळणारा ‘नो क्लेम बोनस’ गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पाच वर्षे दावा नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत पोहोचतो. जुन्या विमा कंपनीकडून त्याचे पत्र घेतल्यास तो नव्या गाडीला लावता येतो आणि पत्र तीन वर्षे चालते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीचा हप्ता २० हजार असेल, तर १० हजार वाचले. विमा वितरकाकडूनच घेण्याचे बंधनही नाही.

कर्जाच्या बाबतीत ‘फ्लॅट’ हा शब्द ऐकला की कान टवकारावेत. ८ लाखांचे कर्ज ७ टक्के फ्लॅट दराने पाच वर्षांसाठी घेतले, तर व्याज २ लाख ८० हजार आणि मासिक हप्ता १८ हजार होतो. घटत्या शिलकीवर मोजल्यास हाच दर सुमारे साडेबारा टक्के भरतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्जदाराला मुख्य तथ्यपत्रक द्यावे लागते; त्यातील वार्षिक टक्केवारी दर वाचला की ही गफलत राहत नाही.

ऑन-रोड किमतीचा तपशील बाबनिहाय मागावा. १० लाखांवरील गाडीवर गोळा होणारा एक टक्का कर प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. ‘हाताळणी’ नावाच्या बाबीचे मात्र स्पष्टीकरण मागावे आणि पटले नाही तर ती वगळण्याचा आग्रह धरावा. गाडीचा निर्मिती महिनाही पाहावा. डिसेंबरात बनलेली गाडी जानेवारीत घेतली तरी पुनर्विक्रीच्या वेळी ती मागील वर्षाचीच धरली जाते. त्यामुळे तशी गाडी घेताना सूट भरघोस हवी. ही तपासणी आणि चासी क्रमांकाची पडताळणी नोंदणीपूर्वीच करावी. नोंदणी एकदा झाली की वितरकाकडून दुसरी गाडी मागणे जवळपास अशक्य होते.