शिगेचं माप

आमच्या जुन्या घरात भात मोजायच्या दोन पायल्या होत्या. दोन्ही लाकडी, दोन्हींना लोखंडी पट्टी. नुसतं बघून फरक कळायचा नाही. आजी सांगायची, एक द्यायची आणि एक घ्यायची. देताना पायलीवरून हात फिरवून भात सपाट करायचा. घेताना मात्र शीग लागायची, दाणे चहूबाजूंनी घरंगळेपर्यंत. आषाढात वाडीवरचा माणूस चार पायल्या घेऊन जायचा आणि झोडणी झाली की सहा, कधी आठ, शिगेनं आणून घालायचा. सगळे याला वाढीदिढी म्हणत आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. घेणारे आमचे पणजोबा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शाळेत होते आणि आजीला विचारलं, मग कुणी भांडायचं नाही का? ती म्हणाली, ‘‘भांडून रातच्याला काय खायाचं, बाय?’’

कडाव म्हटलं की लोकांना बाल दिगंबर गणेशाचं देऊळ आठवतं. कर्जतहून मुरबाडकडे निघालं की वाटेत लागणारं हे गाव. खाली कुणबी-आगऱ्यांची भातशेती आणि वर डोंगराकडे सरकत गेलात की ठाकरवाड्या, कातकरवाड्या. आजीच्या गोष्टी या उतारावरच्या. कातकरी हे खैराच्या झाडापासून कात काढणारे. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात जंगलं राखीव केली, खैरावरची कुऱ्हाड गुन्हा ठरली आणि नावात धंदा उरला तरी हातातून गेला. मग कोळशाच्या भट्ट्या, दुसऱ्याच्या शेतावर लावणी, पुढे वीटभट्ट्या. पावसाळ्यात भट्टी बंद आणि लावणी उरकली की हाताला काम नाही. घरातलं भात तर होळीच्या आतच संपलेलं.

त्या दिवसांत काय खायचे ते आजीनं पाहिलेलं होतं. कडूकंद खणून आणायचा, उकडायचा, चकत्या करायच्या आणि टोपलीत घालून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायच्या, तेव्हा कुठे त्याचा कडूपणा उतरतो. घाई केली तर घसा धरतो, ओकाऱ्या होतात. आजी म्हणायची, ज्या घरात टोपली ओढ्याला गेली त्या घरचा माणूस दुसऱ्या दिवशी आमच्या ओटीवर यायचा. तो आला की पणजोबा वही उघडायचे. अंगठा उठायचा. अंगठ्यापुढे काय लिहिलंय ते फक्त लिहिणाऱ्याला ठाऊक.

या वहीला आणि त्या मापाला आमच्या भागात पहिल्यांदा हात घातला तो माथेरानच्या एका वकिलानं. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म १ डिसेंबर १९१२, नाभिक कुटुंबातला. पुण्यात शिकून, वकिली करून परत आलेला. आज त्यांचं नाव वीर भाई कोतवाल असं घेतलं जातं. पुतळे आहेत, चित्रपटही निघाला. पुतळ्यातले भाई लढणारे आहेत. आजीच्या पिढीच्या बोलण्यातले भाई मात्र आधी धान्याचे होते. त्यांनी नेरळच्या आसपासच्या गावांत शाळा उघडल्या, सावकाराच्या कागदात काय लिहिलेलं असतं ते शेतकऱ्यांना समजावून सांगितलं आणि अडीअडचणीला नेता यावं म्हणून धान्याचं कोठार उभं केलं. आमच्या ओटीवर याची चर्चा कशी होत असेल याचा अंदाज करता येतो. आजी एवढंच सांगायची की त्या काळात पणजोबा भाईंचं नाव घेत नसत, ‘माथेरानवाला’ म्हणत.

१९४२ साली ‘चले जाव’ची हाक आली आणि भाई भूमिगत झाले. त्यांचा आझाद दस्ता उभा राहिला तो शेतकऱ्यांच्या आणि आदिवासींच्या पोरांचा. दस्त्यानं विजेचे मनोरे पाडायला घेतले. हे मनोरेच का, हे कळायला आमचा भूगोल माहीत हवा. टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५चं, भिवपुरीचं १९२२चं. (भिवपुरी रोड स्टेशनावर उतरून वीजघर शोधणारे पाहुणे अजूनही फसतात, ते तिथून बरंच आत, डोंगराच्या पायथ्याला आहे.) घाटावर पाणी अडवायचं, नळातून खाली सोडायचं आणि तयार झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना, गाड्यांना न्यायची. ज्यांच्या शेतांवरून त्या तारा गेल्या त्यांच्या घरात पुढची कित्येक वर्षं रॉकेलची चिमणीच होती. मुंबईचं युद्धसाहित्याचं काम थांबवायचं तर तार इथेच तोडायची, हा हिशेब सरळ होता. पण तारेखाली राहणाऱ्या माणसाला त्यात आणखीही काही दिसत असणार, असं मला वाटतं.

शेवट सर्वांना ठाऊक आहे. २ जानेवारी १९४३च्या पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी दस्त्याला गाठलं. कर्जत तालुक्यातल्या मानिवलीचे हिराजी पाटील तिथे पडले. जखमी भाईंना हॉल नावाच्या अधिकाऱ्यानं जवळून गोळी घातली. तीस वर्षांचं वय. दर वर्षी २ जानेवारीला पहाटे लोक सिद्धगडावर जमतात, मशाली पेटतात, भाषणं होतात. मीही गेले आहे. धान्याच्या कोठाराचा उल्लेख एखाद्या वाक्यात येतो आणि वक्ता पुन्हा बंदुकीकडे वळतो. मला ते खटकतं. गोळी एका पहाटे सुटली. कोठार भरायला, राखायला आणि हिशेब ठेवायला वर्षं लागतात.

आमच्याच जिल्ह्यात, तेव्हा कुलाबा म्हणत, दुसऱ्या टोकाला चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३पासून सहा वर्षं खोतांची शेतं नांगरायचीच नाहीत असा संप केला होता. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी, आणि त्यांच्या पाठीशी डॉ. आंबेडकर, त्यांनी १९३७ साली खोती रद्द करायचं विधेयकच कायदेमंडळात मांडलं. पुढे १९४८चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ला कसणारा मालक झाला. कडावच्या खालच्या आळीतल्या कितीतरी कुळांच्या नावावर जमिनी झाल्या. आमच्या घरातून काही गेल्या आणि पणजोबांच्या मागे त्यावर बरंच रडणंही झालं. उतारावरच्या वाडीला मात्र काही मिळालं नाही. कूळ ठरायला पीकपाहणीला नाव लागतं. मजुराचं नाव कुठल्या रकान्यात येणार? राजनाला कालव्याचं पाणी आलं, खाली उन्हाळी भात डोलू लागलं, कर्जतच्या संशोधन केंद्राचं बियाणं आलं. वर आषाढ होता तसाच राहिला.

सत्तरच्या दशकात आमच्या पुढच्या गावी, कशेळ्याला, अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स नावाची संस्था आली. नाव एवढं मोठं की गावकरी नुसतं ‘अकॅडमी’ म्हणू लागले. शिकलेली मंडळी होती, जंगलातल्या औषधी, भाताच्या जुन्या जाती, असं बरंच काही करत होती. पण वाड्यांत शिरकाव झाला तो धान्य बँकेमुळे. वाडीचं भात वाडीतच ठेवायचं, वाडीच्याच समितीनं वाटायचं, सुगीनंतर थोडी वाढ घालून परत भरायचं. भाई कोतवालांनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी तोच विचार त्याच तालुक्यात पुन्हा करावा लागला, याचा आनंद मानावा की खंत हे मला ठरवता आलेलं नाही.

अशी एक कणगी मी जवळून पाहिली. कुडाची खोली, शेणानं सारवलेली, जमिनीपासून हातभर उंच, खाली उंदरांसाठी मांजर बांधल्यागत एक कुत्रं. किल्ली एका बाईकडे, वही दुसरीकडे. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या आणि म्हणूनच त्यांना नेमलेलं होतं. माप एकच. देताना सपाट, घेतानाही सपाट, आणि हात फिरवायला वाडीतली एक पोरगी. एक म्हातारा रीतीप्रमाणे शीग लावून भात आणायला गेला तर तिनं वरचं भात त्याच्याच धोतराच्या सोग्यात परत ढकललं. आजी तेव्हा हयात होती. घरी येऊन हे सांगितलं तर ती बराच वेळ सुपारी कातरत बसली, मग म्हणाली, ‘‘सासरे असते तर त्या पोरीला त्यांनी घरात घेतली नसती.’’ तिच्या बोलण्यात कौतुक होतं की राग, हे तिलाही सांगता आलं नसतं. केंद्र सरकारनं आदिवासी भागांसाठी धान्य बँकांची योजना काढली ती पुढे, १९९६-९७ साली.

आषाढाची भूक थोडी ओसरली तोवर जमिनीचा प्रश्न दारात आला होता. मुंबई-पुण्याच्या मधोमध असण्याची ही किंमत. कर्जत-खालापूरला फार्महाऊसवाले आले, एकराचा भाव वाढत गेला, आणि ज्या माळावर वाडी तीन पिढ्या उभी होती तो माळ सातबाऱ्यावर दुसऱ्याच कुणाचा असल्याचं एका सकाळी कुंपणाच्या खांबांवरून कळलं. कातकऱ्यांच्या अनेक वाड्या खाजगी जमिनीवर आहेत. जुन्या मालकानं शेताला मजूर जवळ असावेत म्हणून बसवल्या. नव्या मालकाला मजूर नको, देखावा हवा.

मालकाशी भांडायला भीती वाटते. काम तोच देतो, अडीनडीला उसनं तोच देतो. अशा वेळी कशेळ्याच्या मंडळींनी वाड्यावाड्यांतून लोकांनाच बसवून विचार करायला लावलं: धोका कुठून आहे, कोण आपल्या बाजूचं, कोण नाही, आधी काय करायचं. कर्जत, खालापूर आणि सुधागडमधल्या या कामावर डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांचं इंग्रजी पुस्तक २०१३ साली निघालं. वाट निघाली ती महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १२२मधून. जिल्हाधिकारी वाडीखालची जागा गावठाण म्हणून ठरवू शकतात. मग मालक बदलला तरी घराखालची माती हलत नाही. घोषणा नाही, मशाल नाही, फक्त प्रस्ताव.

पण प्रस्ताव म्हणजे कागद, आणि कागद वाडीत कुठे असतात? पत्र्याच्या डब्यात, कुडाच्या फटीत, दुधाच्या पिशवीत गुंडाळून. घरपट्टीची पावती, रेशनकार्ड, विजेचं बिल, मतदार यादीतलं नाव. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला घराची नोंद आहे का ते पाहायचं, ग्रामसभेचा ठराव घ्यायचा, मग तलाठी, सर्कल, तहसीलदार, प्रांत, मोजणी. घरकुल मंजूर होऊनही जागा नावावर नाही म्हणून अडलेली घरं मी ऐकलेली आहेत. कातकरी हा राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक, म्हणून योजना भरपूर; त्या उतरायला जागा नाही.

आणि जागा मिळाली तरी कुठली मिळते हेही बघावं लागतं. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालची ठाकरांची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. तो आठवडाभर आमच्या सगळ्या डोंगरवाड्यांत पुरुष आळीपाळीनं जागले.

मध्यंतरी एका वाडीच्या बैठकीला जाऊन बसले. प्रस्तावावर सह्या घ्यायच्या होत्या. समाजमंदिरात पुरुष एका भिंतीला, बाया दुसऱ्या, पोरं दारात. संस्थेचा कार्यकर्ता, स्वतः कातकरी, जमिनीवर राखेनं वाडीचा नकाशा काढत होता आणि बाया त्याला दुरुस्त करत होत्या: ‘‘अरे, बोरिंग हिकडं कुठं? वडाच्या पल्याड हाय.’’ मालकाकडे गडी असलेला एक जण उठून म्हणाला, मी सही करणार नाही, माझी रोजी जाईल. कुणी त्याला दोष दिला नाही. त्याची बायको गप्प बसली होती. कागद तिच्यापाशी आला तेव्हा तिनं पेन मागितलं आणि सही केली, नवऱ्याकडे न बघता. तो बाहेर निघून गेला, दहा मिनिटांनी परत येऊन मागे बसला. सह्या झाल्या. मग प्रत्येक घरामागे झेरॉक्सचे किती पैसे काढायचे, आणि जे वीटभट्टीवर गेलेत त्यांचे कोणी भरायचे, यावर जो वाद पेटला तो पार दिवेलागणीपर्यंत चालला.