बेगम बाजारात उरलेलं थरचं वाळवंट

हैदराबादचा बेगम बाजार म्हटलं की आपल्याला आठवतं ते घाऊक मार्केट: सुका मेवा, मसाले, पितळी-तांब्याची भांडी, हातगाड्यांची गर्दी. मराठवाड्यातल्या दुकानदारांच्या कितीतरी पिढ्या इथून माल भरत आल्या. मुसी नदीच्या उत्तरेची ही जमीन निजाम अली खान, म्हणजे दुसरे असफजाह, यांच्या हमदा बेगमनं व्यापाऱ्यांना दिली आणि तिच्यावरूनच बाजाराला नाव पडलं, असं सांगितलं जातं. पण या बाजाराचा आणखी एक इतिहास आहे आणि तो हैदराबादचा नाहीच. तो आहे नागौर, बिकानेर, शेखावाटी या वाळूच्या मुलुखाचा, इथून हजार किलोमीटरहून अधिक लांबचा.

निजामाच्या राज्याला सैन्याचा पगार भागवायला आणि सारा वसूल व्हायच्या आधी रोकड हातात यायला सावकार लागत. गोसावी, गुजराती, पारशी आणि मारवाडी पेढ्या हे काम करत. आपल्या वऱ्हाडाचाही याच्याशी थेट संबंध आहे. हैदराबादचा मोठा सावकार पुरणमल याच्याकडे वऱ्हाडाचा बराच भाग वसुलीच्या इजाऱ्यानं होता. 1839 मध्ये ब्रिटिश रेसिडेंटच्या दबावामुळे तो काढून पेस्तनजी आणि कंपनीकडे दिला गेला. पेढीमागून मुनीम आले, मुनिमामागून भाऊबंद, मग स्वयंपाकी, मग सुना. 1900 च्या सुमारास सिकंदराबाद ते मनमाड रेल्वे झाली आणि जाणं-येणं आणखी सोपं झालं.

वाळवंटातून माणसं बाहेर पडली, तेव्हा तिथला इतिहासही त्यांच्याबरोबर बाहेर पडला. गावातली हवेली बंद पडली, कुलूप गंजलं. पण त्या हवेलीत कोण राहायचं, पाणी कुठून यायचं, दुष्काळात कोण कुठे गेलं, हे सांगणारी माणसं मात्र इथे, दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहिली. म्हणून थरचा स्थानिक इतिहास जपायचा तर एक फेरी बेगम बाजारातही मारावी लागते.

या घरांत तीन गोष्टी सापडू शकतात: वह्या, फोटो आणि आठवणी.

वह्या लाल कापडी बांधणीच्या, लिपी मुडिया, म्हणजे महाजनी. मोडी वाचणाऱ्यांना तिचं दुखणं लगेच कळेल. लिहायला झरझर, वाचायला कठीण, कारण काना-मात्रा बहुधा गाळलेल्या. तिच्याबद्दलचा जुना विनोद सगळ्यांना ठाऊक आहे: ‘काकाजी अजमेर गया’ असं लिहिलेलं पत्र घरच्यांनी ‘काकाजी आज मर गया’ असं वाचलं आणि रडारड सुरू झाली. आज मुडिया वाचणारे थोडे उरले आहेत. घराची वाटणी होते, जुनी इमारत पाडून कॉम्प्लेक्स उभं राहतं आणि वह्या रद्दीत जातात.

फोटोंचं तसं नाही, ते कुणी सहसा टाकत नाही. पण नावं हरवतात. राजा दीनदयाळ (1844–1905) यांचा सिकंदराबादचा स्टुडिओ प्रसिद्ध झाला आणि दक्खनमध्ये फोटो काढून घेण्याची हौस नवाबांकडून पेढीवाल्यांपर्यंत आली. पगडी, अंगरखा, बाजूला खुर्ची, मागे रंगवलेला पडदा. शंभर वर्षांनी अल्बम उघडला की उत्तर मिळतं, “हे आमच्या आजोबांचे कुणीतरी.” मध्ये बसलेल्या शेटजींचं नाव निदान सांगता येतं. मागे उभा असलेला मुनीम, कडेला अर्धा कापला गेलेला नोकर, डोक्यावर पदर ओढलेल्या बायका, यांची नावं आधी जातात. त्यांचं नाव वहीतही नसतं. ते असलंच तर एखाद्या वृद्ध आत्याच्या किंवा काकूच्या तोंडी असतं.

आता आठवणी. वडीलधारी मंडळी सन सांगत नाहीत, खूण सांगतात. राजस्थानकडची खूण ‘छप्पनिया’, म्हणजे विक्रम संवत 1956, इसवी 1899–1900 चा भयंकर दुष्काळ. हैदराबादची खूण ‘तुग्यानी’, म्हणजे 28 सप्टेंबर 1908 चा मुसीचा पूर, ज्यात हजारो माणसं गेली. दुसरी खूण 1948 ची ‘पोलीस अ‍ॅक्शन’. “बाबा छप्पनियानंतर आले, तुग्यानीच्या आधी दुकान घातलं” हे एवढं वाक्य मिळालं, तरी स्थलांतराचा काळ आठ-नऊ वर्षांच्या आत सापडतो. मग वही आणि फोटोशी ताडून पाहायचं. इथे एक सावधगिरी लागते. वहीत संवत असतो, निजामाच्या कचेरीतल्या कागदावर फसली आणि स्टुडिओच्या पुठ्ठ्यावर बहुधा इसवी सन. संवतातून 57 वजा केले आणि फसलीत 590 मिळवले की साधारण इसवी सन येतो. महिन्यानुसार एखाद्या वर्षाचा फरक पडतो.

हे काम कसं करावं याचा चांगला धडा खुद्द राजस्थानात आहे. कोमल कोठारी आणि कथाकार विजयदान देथा यांनी 1960 मध्ये जोधपूरजवळच्या बोरुंदा गावात रूपायन संस्थान उभं केलं. लंगा-मांगणियार गायकांची गाणी, कथा, वंशावळी त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या. कोठारींची नजर राजेरजवाड्यांपेक्षा रोजच्या जगण्यावर होती. राजस्थान समजून घ्यायला त्यांनी बाजरी, ज्वारी आणि मका असे धान्यांचे तीन पट्टे मानले. त्यांच्या कल्पनेतून झालेल्या ‘अरना झरना’ या संग्रहालयात चक्क केरसुण्या जपल्या आहेत, कारण कुठल्या गवताचा झाडू कोण बांधतो, यातून जमीन आणि माणूस दोन्ही कळतात.

आपणही तसंच विचारावं. “तुमच्या घराण्याचा इतिहास सांगा” म्हटलं की छापील स्मरणिकेतलं भाषण सुरू होतं. त्याऐवजी विचारा: माहेरी पाणी कुठून आणायचे? टाक्यात साठवलेलं पावसाचं पाणी किती महिने पुरायचं? केर-सांगरी वाळवून कुणाबरोबर पाठवायचे? बाजरीची भाकरी इथे आल्यावर ज्वारीची कधी झाली? हे प्रश्न बायकांना विचारले तर उत्तरं भराभर येतात. वाळवंटातून लग्न होऊन इथे आलेल्या त्या. तिथली वाळू आणि इथला पाऊस दोन्ही त्यांनी पाहिलेले.

आणखी एक बाजू सोडता येणार नाही. मराठी मुलुखात ‘मारवाडी’ या शब्दाला सावकारीचा वास आहे आणि त्याला कारण आहे. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी उठले, त्यांनी मारवाडी-गुजराती सावकारांची कर्जखतं हिसकावून जाळली. पेढीची वही म्हणजे कुणाच्या तरी कर्जाचीही वही. म्हणून शेटजींच्या नातवाची मुलाखत घेतली की हमालाच्या, मुनिमाच्या, माल उधार नेणाऱ्या गावच्या दुकानदाराच्या घरीही जायला हवं. नाहीतर तो इतिहास न होता घराण्याचा गौरवग्रंथ होईल.

आता प्रत्यक्ष कामाचं. फोटो पुठ्ठ्यावरून सोलू नका. पुढची आणि मागची, दोन्ही बाजूंची प्रत घ्या, मागे स्टुडिओचा शिक्का किंवा मुडियातली ओळ असू शकते. रेकॉर्डिंग सुरू करताना तारीख, जागा आणि बोलणाऱ्याचं नाव मोठ्यानं बोला. मूळ फोटो, नाहीतर त्याची मोठी प्रत, त्यांच्या हातात द्या आणि थांबा. डावीकडून एकेक चेहरा त्यांनाच सांगू द्या. मध्ये बोलून आठवण दुरुस्त करू नका, ताडणी नंतर करता येते. फोटोला आणि रेकॉर्डिंगला एकच क्रमांक द्या, नाहीतर दहा वर्षांनी दोन्ही निरुपयोगी. काय जाहीर करायचं आणि काय नाही, हे घरच्यांना विचारून लिहून ठेवा. आणि नावं घातलेली एक प्रत त्या घरी परत द्या. ती भिंतीवर लागली की शेजारचं घरही आपला अल्बम काढतं.

दरवर्षी बेगम बाजारातली एखादी जुनी इमारत पडली तरी तिचा फोटो कुठेतरी राहील. पण ऐंशी-नव्वदीतल्या काकूंना विचारायचं राहिलं तर ते कायमचंच. ज्यांच्या ओळखीत असं घर आहे, त्यांनी येत्या दिवाळीपर्यंत एक अल्बम आणि एक तास, एवढं जरी केलं, तरी थरच्या एखाद्या गावाचं एक पान वाचेल.