बैलगाडी, घरगुती : निवड व खरेदी (जुन्नर–आंबेगाव)

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत शेतकरी कुटुंबे स्वतःच्या प्रवासासाठी व मालाच्या ने-आणीसाठी बाळगीत असलेले, बैलांनी ओढावयाचे दुचाकी वाहन. मोटारींचा प्रसार होण्यापूर्वी जमीन, घर व विहीर यांच्या खालोखाल गाडी आणि बैलजोडी ही कुटुंबाची मोठी गुंतवणूक असे. तिची खरेदी करताना वाट, ओझे आणि बैलांची शक्ती या तिहींचा मेळ घालावा लागे. हा मेळ चुकला, तर त्याची किंमत प्रथम बैलाची मान व नंतर मालकाची शेती मोजीत असे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : या प्रदेशाच्या शेजारी, प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे १९७४ मध्ये सापडलेल्या ब्राँझच्या वस्तूंत दोन बैल जोडलेला व उभ्या सारथ्याने हाकलेला रथ आहे. तो सामान्यतः उत्तर हडप्पा काळातील मानला जातो. तथापि जुन्नरचा प्राचीन व्यापार मुख्यतः चाकांवर चालला नाही. सातवाहनकालीन जुन्नर कोकणातील बंदरांशी नाणेघाटाने जोडलेले होते. परंतु या घाटाची चढण उभी व वाट पायऱ्यांची असल्याने तेथे लमाणी बैल व इतर ओझ्याची जनावरेच उपयोगी पडत. गाडीचे क्षेत्र घाटमाथ्यापासून पूर्वेकडे, कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या खोऱ्यांतील सपाटीवर होते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत दख्खनमधील मालगाडी बोजड असे आणि ती ओढण्यास बैलांच्या अनेक जोड्या लागत. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. त्याच दशकात महसूल सर्वेक्षण खात्यातील गेसफर्ड या अधिकाऱ्याने सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे सुधारित, हलक्या गाड्या बनविण्यास चालना दिली. एका जोडीने ओढता येईल अशी गाडी मिळू लागल्यावर मध्यम स्थितीतील शेतकऱ्यालाही गाडी बाळगणे परवडू लागले. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत लोहमार्ग आला नाही; त्यामुळे मंचर, नारायणगाव व आळे यांवरून जाणाऱ्या पुणे–नाशिक रस्त्याचे व त्यावरील गाड्यांचे महत्त्व येथे दीर्घकाळ टिकून राहिले.

रचना : गाडीचे मूल्य प्रामुख्याने चाकांवर ठरे. मध्यभागी तुंबा, त्यात बसविलेले आरे, आऱ्यांच्या टोकांना जोडलेले वक्र पुठ्ठे आणि सर्वांना आवळून धरणारी लोखंडी धाव, अशी चाकाची रचना असते. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करून गोवऱ्यांच्या जाळात तापवितात, प्रसरण पावल्यावर चाकावर चढवितात आणि लगेच पाणी ओततात. ती आकसताच सर्व सांधे घट्ट बसतात. चाकासाठी चिवट बाभूळ वापरीत. लाकूड पुरते वाळलेले नसल्यास पहिल्याच उन्हाळ्यात आरे खिळखिळे होत व धाव निसटे. म्हणून जाणता शेतकरी बाभूळ आधी तोडून, एकदोन वर्षे सुकवून मगच सुताराकडे देई. आसावर वंगण नियमित न घातल्यास तुंबा झिजे व ओढ जड होई.

प्रकार : केवळ माल वाहणारी मोठी गाडी आणि माणसांसाठीचा हलका छकडा, हे दोन मुख्य प्रकार होत. लांबच्या प्रवासासाठी, विशेषतः स्त्रिया व मुले यांच्यासाठी, साट्यावर बांबूच्या कमानी लावून वर तट्ट्या किंवा कापड टाकीत. लेक माहेरी आणणे, लग्नाचे वऱ्हाड, ओझर व लेण्याद्री येथील गणपतीचे दर्शन किंवा गावोगावच्या जत्रा यांसाठी छकडा सोयीचा असे. पण त्यात धान्याची पोती किंवा शेणखत फारसे मावत नसे. एकच गाडी घेण्याची ऐपत असलेले कुटुंब बहुधा मध्यम आकाराची गाडी पसंत करी आणि प्रसंगानुसार तिच्यावर छप्पर चढवी. पश्चिमेकडील अतिपावसाच्या डोंगरी गावांत मात्र वाटाच गाडीच्या नसल्याने अनेक कुटुंबांना ओझे डोक्यावर किंवा जनावराच्या पाठीवर न्यावे लागे.

खरेदी : शेतीच्या अवजारांची दुरुस्ती सुतार बलुत्यात करी, नवी गाडी मात्र सामान्यतः स्वतंत्र मोबदला ठरवून बनविली जाई. गाडी घेताना तोल पाहणे आवश्यक असे. मागे भार जास्त झाल्यास गाडी उलाळ होते, म्हणजे धुरा वर उचलली जाऊन जोत्याचा फास बैलाच्या गळ्याला बसतो. पुढे भार जास्त झाल्यास जू मानेवर दाबले जाते आणि खांदा सुजतो. योग्य तोलाच्या गाडीत जुवावर अल्प दाब राहतो व बैलांची शक्ती पुढे ओढण्यास लागते. जुनी गाडी घेणारा ती रिकामी व भरलेली अशी दोन्ही वेळा चालवून पाही आणि चाक डुगडुगते काय, याची खात्री करून घेई.

बैलांची निवड याहून अवघड होती. सपाटीवर चपळ चालीची खिल्लार जात पसंत केली जाई. सह्याद्रीलगतच्या पावसाळी भागात कणखर खुरांची, पावसाला टिकणारी डांगी जात उपयुक्त ठरे. जुन्नर तालुक्यातील बेल्हे व खेड तालुक्यातील चाकण येथील बाजार बैलांच्या खरेदी-विक्रीसाठी प्रसिद्ध आहेत. दातांवरून वय ठरवीत. दोनदाती बैल शिकविण्यास योग्य, तर सर्व दात जुळलेला बैल कामास पक्का समजला जाई. बैलबाजारांत दलाल रुमालाखाली बोटे धरून सौदा करीत, त्यामुळे भाव तिऱ्हाइताला कळत नसे. दोन उत्तम बैल मिळून उत्तम जोडी होतेच असे नाही. उंची व चाल न जुळल्यास जू तिरपे होऊन एकाच बैलावर भार पडतो.

स्थित्यंतर व कायदा : विसाव्या शतकात हवा भरलेल्या रबरी धावांची ‘डनलॉप’ गाडी प्रचारात आली. तिची ओढ पक्क्या रस्त्यावर हलकी असल्याने मालवाहतुकीत, पुढे साखर कारखान्यांच्या ऊस वाहतुकीतही, तिचा उपयोग वाढला. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० याखाली १९६५ मध्ये ओढकाम करणाऱ्या जनावरांविषयी नियम करण्यात आले. त्यांत जनावराचा आकार व चाकांचा प्रकार यांवरून कमाल ओझे ठरविले असून लांब व तीव्र चढणीवर ते निम्म्यावर आणले आहे. गाडीत चालक व सहा वर्षांखालील मुले वगळता चारांहून अधिक माणसे बसविण्यासही मनाई आहे. वाट, ओझे व बैल यांचा जो मेळ शेतकरी अनुभवाने घाली, तोच या नियमांत लिखित स्वरूपात आढळतो.

एस. टी., ट्रॅक्टर व पुढे दुचाकी यांच्या प्रसारानंतर घरगुती प्रवासाची गाडी मागे पडली आणि तिच्याबरोबर गावच्या सुतार-लोहारांचे एक मुख्य काम संपले. या परिसरात गाड्याचे आकर्षण आज मुख्यतः बैलगाडा शर्यतींत दिसते. त्यांतील गाडा अतिशय हलका असून तो चार बैल जोडून चढाच्या धावपट्टीवर, म्हणजे ‘घाटा’त, पळविला जातो व वेळ सेकंदांत मोजला जातो. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यतींना मनाई केली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरविली. वादाचा मूळ मुद्दा मात्र जुनाच आहे : वाहन माणसाच्या हौसेचे वा गरजेचे असले, तरी ते ओढणाऱ्या जनावराच्या सोसण्याला मर्यादा असते. ही मर्यादा ओळखणे, हाच घरगुती गाडी निवडण्याचा पहिला निकष होता.